तारा जन्माला यायला इतका वेळ का लागतो? उत्तर चुंबकीय आहे, निदान अर्धं

‘सृष्टीचे खांब’ या नावाने गाजलेलं चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. गरुड तेजोमेघात वायू आणि धुळीचे तीन सुळके उभे आहेत, प्रत्येक काही प्रकाशवर्षं उंच. हबल दुर्बिणीने ते १९९५ मध्ये टिपले, जेम्स वेबने २०२२ मध्ये पुन्हा. शेजारच्या तरुण ताऱ्यांचा प्रखर मारा सोसत हे सुळके अजून उभे कसे, असा प्रश्न चित्र पाहताना पडतो. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग मात्र त्या चित्रात उमटलेलाच नाही.

तो भाग २०१८ साली समोर आला. हवाई बेटावरच्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीने याच खांबांचा एक वेगळा नकाशा काढला. तो ना रंगीत, ना देखणा. नुसत्या आखूड रेघा. पण प्रत्येक रेघ त्या ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवते, आणि खांबांच्या आत या रेघा खांबांच्या लांबीला धरून चालल्या आहेत. खांब बाजूंनी चेपले जाऊ नयेत यात या क्षेत्राचा हात आहे, असं संशोधकांचं म्हणणं आहे.

अवकाशात चुंबक कुठून आला, तो दिसत नसताना मोजला कसा, आणि ताऱ्यांच्या जन्माशी त्याचा संबंध काय, हे पायरी पायरीने पाहू.

ढग कोसळत का नाही?

तारे रेणूमेघांत जन्मतात. रेणूमेघ म्हणजे मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचा थंडगार ढग, तापमान शून्याखाली २६० अंशांच्या आसपास, आणि त्यात चिमूटभर धूळ. गुरुत्वाकर्षण अशा ढगाला सतत आत ओढत असतं. मग तो सरळ कोसळून त्याचे तारे व्हायला हवेत.

इथेच हिशेब चुकतो. आपल्या आकाशगंगेत रेणूमेघांचं एकूण वस्तुमान साधारण १०० कोटी सूर्यांइतकं आहे. नुसत्या गुरुत्वाकर्षणाचं राज्य असतं तर हे ढग काही दशलक्ष वर्षांत कोसळले असते, म्हणजे दरवर्षी शेकडो सूर्यांइतकं वस्तुमान ताऱ्यांत गेलं असतं. प्रत्यक्षात वर्षाला एक-दोन सूर्यांइतकंच जातं. १९७० च्या दशकात ही तफावत लक्षात आली आणि तेव्हापासून सगळे त्या लगामाच्या शोधात आहेत.

लगाम एकच नाही, हे आधीच सांगतो. ढगांमध्ये प्रचंड खळबळ असते, वायूचे झोत एकमेकांवर आदळत असतात. नवे तारे आपल्या किरणांनी आणि वाऱ्यांनी भोवतालचा ढग उधळून लावतात. पण या दोन्ही गोष्टी दुर्बिणीत बऱ्यापैकी थेट दिसतात. तिसरी, म्हणजे चुंबकीय क्षेत्र, दिसत नाही. म्हणून वर्षानुवर्षं तिला संगणकीय प्रारूपांत सोयीनुसार जागा मिळत गेली. मला हा विषय जवळचा वाटतो तो यामुळेच: मोजायला अवघड म्हणून एखादी गोष्ट कमी महत्त्वाची ठरत नाही.

वायू आणि बलरेषा यांची गाठ

चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकला की वळणदार रेघा उमटतात. त्या बलरेषा. पण हायड्रोजन म्हणजे लोखंड नव्हे, मग त्याला क्षेत्राचं काय?

सगळ्या ढगाला नाही, पण ढगातल्या मोजक्या कणांना फरक पडतो. अवकाशातून सुसाट येणारे वैश्विक किरण अधूनमधून एखाद्या रेणूचा इलेक्ट्रॉन उडवतात. मागे उरतो तो विद्युतभारित कण, म्हणजे आयन. भारित कण बलरेषेला आडवा सहज जाऊ शकत नाही, तो तिच्याभोवती गिरक्या घेत राहतो. रेषा हलली की तो हलतो, तो हलला की रेषा ओढली जाते. हानेस आल्फव्हेन यांनी १९४० च्या दशकात ही कल्पना मांडली, आणि पुढे या विषयातल्या कामासाठी त्यांना १९७० चं नोबेल मिळालं.

ढगाच्या दाट भागात असे आयन कोटीत एखादाच. एवढ्यावर सगळ्या ढगाचं कसं भागतं? खच्चून भरलेल्या गर्दीतून दोर ताणलेत आणि मोजक्याच माणसांनी ते घट्ट धरलेत, असं समजा. बाकीच्यांचा दोराशी संबंध नाही. पण गर्दी एका बाजूला लोटायला लागली की सगळे त्या दोर धरलेल्यांवर आपटतात, आणि दोराचा ताण धक्क्याधक्क्याने सगळ्यांपर्यंत पोचतो. उदासीन रेणूंना क्षेत्र जाणवतं ते असं, आयनांच्या धडकांतून.

याचा एक परिणाम लगेच ध्यानात येईल. रेषेच्या लांबीने घसरत जायला वायूला कुणाची आडकाठी नाही, रेषेला आडवं जायला आहे. २००९ ते २०१३ या काळात प्लँक उपग्रहाने अख्ख्या आकाशातल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशांचा नकाशा काढला, त्यात हेच उमटलं. विरळ वायूचे धागे क्षेत्राला समांतर, तर दाट धागे बहुधा क्षेत्राला काटकोनात. वायू रेषांवरून घसरत येतो आणि त्यांना आडवा साचतो.

इतकं क्षीण क्षेत्र, त्याचा जोर तो किती?

ही शंका रास्त आहे. चुंबकीय क्षेत्र गॉस या एककात मोजतात. पृथ्वीचं क्षेत्र साधारण अर्धा गॉस. मायक्रोगॉस म्हणजे गॉसचा दहा लाखावा भाग. रेणूमेघातलं क्षेत्र पुष्कळदा दहा मायक्रोगॉसच्या घरात, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचा पन्नास हजारावा हिस्सा. होकायंत्राची सुई त्याने जागची हलणार नाही.

पण जोर नेहमी समोरच्याच्या मानाने मोजायचा असतो. आपल्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये रेणूंची संख्या २५ वर १८ शून्यं इतकी असते. रेणूमेघात तेवढ्याच जागेत हजारभर रेणू असले तरी पुष्कळ झाले, आणि तेही गोठून मंदावलेले. अशा वायूचा स्वतःचा दाब आणि दहा मायक्रोगॉस क्षेत्राचा दाब यांचं गणित मांडलं, तर क्षेत्राचा दाब सुमारे तिप्पट भरतो. इतक्या विरळ जागी हे क्षीण क्षेत्रच दांडगं ठरतं.

धुळीचा कण दिशा सांगतो

आता मोजणीकडे वळू. इथे कामाला येते ती धूळ.

एका कणाजवळ जाऊन पाहू. आकाराने तो मायक्रॉनभर किंवा त्याहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याच्या आतबाहेर. तो गोल नाही, वेडावाकडा आहे, एका बाजूने लांबट. ताऱ्यांचा प्रकाश त्याच्यावर तिरका-वाकडा पडतो आणि त्याला भिंगरीसारखा फिरवतो. फिरता फिरता कण असा स्थिरावतो की त्याचा आखूड अक्ष बलरेषेच्या दिशेला आणि लांबट बाजू रेषेला काटकोनात. अशा अगणित भिंगऱ्या एकाच शिस्तीत फिरत असतात.

हा कण थंड असला तरी थोडी ऊब बाळगून असतो, आणि ती मिलिमीटरभर लांबीच्या लहरींतून बाहेर टाकतो. या लहरी कणाच्या लांबट बाजूच्या दिशेने जरा जास्त कंप पावतात. लहरींनी असं एका दिशेला झुकतं माप देणं म्हणजे ध्रुवीकरण. पोलरॉइड गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवला की रस्त्यावरची चकाकी कमी-जास्त होते, तेही याचमुळे. फरक एवढाच की इथे झुकाव जेमतेम काही टक्के असतो. तो मोजायचा, ९० अंशांनी फिरवायचा, की क्षेत्राची दिशा हातात.

यासाठी मिलिमीटर आणि रेडिओ लहरीच का? कारण दाट ढगातून साधा प्रकाश बाहेर पडतच नाही, धूळ तो गिळून टाकते. कणाच्या मानाने खूप लांब असलेल्या लहरी मात्र धुळीला न जुमानता आरपार येतात. ढगाच्या पोटातली बातमी आणतात त्या याच.

या पद्धतीने मिळालेलं एक चित्र मी विसरू शकत नाही. एनजीसी १३३३ नावाच्या ढगात एक तारा घडतो आहे, अजून पूर्ण तारा न झालेला. २००६ मध्ये हवाईतल्याच सबमिलिमीटर ॲरे या आठ अँटेनांच्या दुर्बिणीने त्याच्याभोवतीच्या रेघा नोंदवल्या, आणि त्यांचा आकार निघाला थेट वाळूच्या घड्याळाचा. वर फाकलेला, मध्ये चिमटलेला, खाली पुन्हा फाकलेला. गुरुत्वाकर्षणाने वायू आत ओढला, वायूने रेषा सोबत ओढल्या, आणि त्या मध्यावर आवळल्या गेल्या. असं घडत असणार हे गणिताने कितीतरी आधी सांगितलं होतं. ते सरळ नकाशात उमटलेलं पाहणं ही गोष्ट वेगळी.

पण हे ध्रुवीकरण चुंबकामुळेच, कशावरून?

प्रत्येक वेळी चुंबकामुळेच असेल असं नाही. घडणाऱ्या ताऱ्याभोवती वायू-धुळीची चकती असते, तिच्यात धुळीचे कण एकमेकांना चिकटून वाढलेले असतात. असे जाडसर कण एकमेकांकडून आलेल्या लहरी विखुरतात, आणि नुसत्या विखुरण्यानेही ध्रुवीकरण होतं, क्षेत्र असो वा नसो. एचएल टॉरी या तरुण ताऱ्याच्या चकतीचा चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने अभ्यास केला तेव्हा एका तरंगलांबीला रेघा एकीकडे आणि दुसरीला भलतीकडे निघाल्या. क्षेत्राची दिशा आपण कोणत्या लांबीच्या लहरी वापरतो यावर बदलत नाही. म्हणजे तिथे निदान काही भाग विखुरण्याचा होता. म्हणून चकत्यांच्या बाबतीत एकाच तरंगलांबीच्या नकाशावर मी तरी भिस्त ठेवणार नाही. मोठ्या ढगांत कण बारीक असतात, तिथे ही अडचण येत नाही.

धुळीच्या ध्रुवीकरणाला कमी लेखलं तर काय होतं याचा धडा विश्वशास्त्रालाही मिळाला आहे. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप२ प्रयोगाने विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं. प्लँकच्या नकाशांशी ताडून पाहिल्यावर २०१५ च्या सुरुवातीला तो दावा टिकत नाही हे स्पष्ट झालं. दिसलेल्या खुणेचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीने उमटवलेला होता.

२८ हर्ट्‌झचा फरक

धूळ दिशा सांगते, ताकद सांगत नाही. ताकद थेट मोजायचा मार्ग एकच, झेमान परिणाम. पीटर झेमान यांनी तो १८९६ मध्ये प्रयोगशाळेत पाहिला. अणू ठरावीक वारंवारतेच्या लहरी सोडतो, पण त्याला चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की ती एक वारंवारता फुटून अगदी जवळजवळच्या वेगळ्या वारंवारता होतात. या कामासाठी १९०२ चं नोबेल मिळालं, आणि १९०८ मध्ये जॉर्ज हेल यांनी याच खुणेवरून सूर्याच्या डागांत चुंबकत्व असल्याचं दाखवलं. तिथे क्षेत्र हजारो गॉसचं होतं. ढगांत ते मायक्रोगॉसचं.

आता आकडे पाहा. थंड हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्‌झला, म्हणजे सेकंदाला १४२ कोटी कंपनं या वारंवारतेला लहरी सोडतो. क्षेत्र असेल तर या लहरी दोन गटांत वाटल्या जातात. एका गटाचं कंपन उजवीकडे पीळ घेत पुढे सरकतं, दुसऱ्याचं डावीकडे, आणि दोन्हींच्या वारंवारतेत दर मायक्रोगॉसला २.८ हर्ट्‌झचं अंतर पडतं. दहा मायक्रोगॉसला २८ हर्ट्‌झ. १४२ कोटींत २८!

बरं, मूळ रेषा तरी सुईसारखी बारीक असावी? तीही नाही. ढगातले अणू पुढे-मागे धावत असल्याने ती पसरट होते. वेगांतला फरक सेकंदाला एक किलोमीटर एवढाच असला तरी रेषा जवळजवळ पाच हजार हर्ट्‌झ रुंद. म्हणजे पाच हजाराच्या पट्ट्यात अठ्ठावीसचं सरकणं शोधायचं.

ते शोधतात वजाबाकीने. पारदर्शक कागदावर डोंगराची एकच आकृती दोनदा काढा आणि दुसरी केसभर बाजूला सरकवून पहिलीवर ठेवा. डोळ्याला दोन्ही एकच वाटतील. पण एकीतून दुसरी वजा केली तर बाकीचं सगळं कटून जाईल आणि दोन उतारांवर नेमकी तेवढी फट उरेल. दुर्बीण उजव्या पिळाच्या लहरी वेगळ्या मोजते, डाव्या वेगळ्या, आणि वजाबाकीत जो बारीक वळसा राहतो त्याच्या उंचीवरून क्षेत्राची ताकद निघते. तो वळसा वर-खाली आहे की खाली-वर, यावरून क्षेत्र आपल्याकडे येतंय की पलीकडे जातंय तेही कळतं. यंत्राने एका पिळाला किंचित जरी झुकतं माप दिलं तरी खोटा वळसा तयार होतो, त्यामुळे तासन्‌तास निरीक्षण आणि त्याहून जास्त वेळ यंत्राची पारख, असं हे काम आहे. हायड्रोजनच्या या रेषेवर झेमान परिणाम पाहता येईल ही सूचना १९५७ ची. तो प्रत्यक्ष सापडायला १९६८ उजाडलं. गेरिट व्हर्शूर यांना अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीवर तो मिळाला.

दाट ढगांत हायड्रोजनच्या अणूंचे रेणू झालेले असतात, आणि हायड्रोजनचा रेणू या कामाचा नाही. ज्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना मोकळा आहे, तोच क्षेत्राला असा चांगला प्रतिसाद देतो. म्हणून १८ सेंटिमीटरला लहरी सोडणारा हायड्रॉक्सिल आणि आणखी दाट जागी मिलिमीटर लहरींतला सायनाइडचा रेणू, हे दोघे कामाचे. सहज सापडणारा कार्बन मोनॉक्साइड इथे उपयोगी पडत नाही.

आणि मर्यादा? झेमानमुळे आपल्याकडे रोखलेला क्षेत्राचा भाग कळतो, धुळीवरून आकाशाच्या पडद्यावरचा आडवा भाग कळतो. एकाच काठीची दोन भिंतींवर पडलेली सावली पाहून काठी ओळखायची, असं हे.

ताणलेल्या तारेवरून अंदाज

जिथे झेमान साधत नाही तिथे एक जुनी युक्ती चालते. १९४९ मध्ये हिल्टनर आणि हॉल यांना ताऱ्यांच्या प्रकाशात ध्रुवीकरण आढळलं. १९५३ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि एन्रिको फर्मी यांनी त्या निरीक्षणांतून आकाशगंगेच्या भुजेतल्या क्षेत्राची ताकदच काढली. विचार साधा आहे. घट्ट ताणलेली तार छेडली तर कमी थरथरते, सैल तार जास्त लवते. ढगातली खळबळ माहीत असेल तर रेघा किती वेड्यावाकड्या आहेत यावरून त्यांचा ताण, म्हणजे ताकद, कळते. त्यांचं उत्तर सुमारे ७ मायक्रोगॉस आलं. आजच्या मापनांच्या ते इतकं जवळ आहे की थक्क व्हायला होतं.

सुरुवातीला पाहिलेल्या ‘सृष्टीच्या खांबां’मधल्या क्षेत्राची ताकद १७० ते ३२० मायक्रोगॉस निघाली, तीही याच युक्तीने. पण तिची चूक मोठी असू शकते. मृग नक्षत्रातल्या रेणूमेघाच्या एका दाट भागासाठी २०१७ मध्ये आलेलं उत्तर होतं ६.६ मिलिगॉस (मिलिगॉस म्हणजे गॉसचा हजारावा भाग), अधिक-उणे ४.७. बातमीत पहिला आकडा येतो, दुसरा गळतो. वाचताना दुसरा शोधावा.

मग एवढं चुंबकत्व जातं कुठे?

ताऱ्याच्या जन्मातलं मला सगळ्यात विलक्षण वाटणारं कोडं हे आहे. एक-तृतीयांश प्रकाशवर्ष त्रिज्येचा ढगाचा गाभा आकसून सूर्याएवढा झाला, तर त्याची त्रिज्या चाळीस लाख पटींहून जास्त घटते. बलरेषा वायूला चिकटूनच आत आल्या तर क्षेत्र त्याच्या वर्गाच्या पटीत वाढेल. दहा मायक्रोगॉसचे कोट्यवधी गॉस होतील. तरुण ताऱ्यांच्या पृष्ठभागावर क्षेत्र मोजलं तर काही हजार गॉसच भरतं. म्हणजे वाटेत जवळजवळ सगळं चुंबकत्व गळून गेलं.

त्यावरचं जुनं उत्तर १९५६ मध्ये मेस्टेल आणि स्पिट्झर यांनी दिलं. दोर धरलेली माणसं आठवा. ती कोटीत एक असतील तर बाकीची गर्दी त्यांच्यामधून वाट काढत हळूहळू आत सरकू शकते, दोर मागे ठेवून. उदासीन रेणू आयनांमधून झिरपत आत जातात, क्षेत्र बाहेर राहतं. पण या झिरपण्याला काही दशलक्ष वर्षं लागतात. या उत्तराप्रमाणे सुरुवातीला ढगात क्षेत्र वरचढ असतं आणि झिरपण्यानंतरच, तेही आतल्या दाट गाभ्यातच, गुरुत्वाकर्षणाचं पारडं जड होतं.

२०२२ मध्ये हे उत्तर डळमळलं. वृषभ राशीतला एल१५४४ हा गाभा आपल्यापासून सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर आहे, अजून तारा न झालेला पण होऊ घातलेला. चीनमधल्या ५०० मीटर व्यासाच्या फास्ट दुर्बिणीने त्याच्या बाहेरच्या आवरणात, रेणूंमध्ये मिसळून राहिलेल्या थंड हायड्रोजन अणूंवर झेमान परिणाम मोजला. क्षेत्र निघालं ४ मायक्रोगॉसच्या आसपास, जुन्या उत्तराला हवं त्यापेक्षा दुबळं. म्हणजे गाभा दाट होण्याआधी, आवरणातच, गुरुत्वाकर्षणाने बाजी मारली होती. क्षेत्राची पकड आधी सुटली ती कशाने? खळबळीत बलरेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि वायू मोकळा होतो, हा एक पर्याय पुढे आहे. एका गाभ्यावरून सगळ्या ताऱ्यांचा निकाल लावू नये, पण मापन फार स्वच्छ आहे.

हे थेट ग्रहांपर्यंत पोचतं

फिरत्या खुर्चीवर बसून पसरलेले हात जवळ घेतले की गिरकी वाढते. दहा लाख वर्षांत एक फेरी घेणारा ढगाचा गाभा सूर्याएवढा झाला तर त्याला काही सेकंदांत एक फेरी मारावी लागेल. अशा वेगाने फिरताना तारा बनूच शकत नाही, त्याआधीच वायू उधळला जातो. सूर्य तर एका फेरीला पंचवीसेक दिवस घेतो. ही फिरत काढून घेण्यात चुंबकीय क्षेत्राचा मोठा वाटा आहे. गाभा फिरतो तसे रेषांना पीळ पडतात आणि पिळांवाटे फिरत बाहेरच्या वायूला दिली जाते.

पण प्रारूपांत वायू आणि रेषा पक्क्या चिकटलेल्या धरल्या, तर हा ब्रेक इतका करकचून लागतो की ताऱ्याभोवती चकतीच बनत नाही. चकती नाही तर ग्रहही नाहीत. आणि चकत्या तर अल्माला दिसतात, एचएल टॉरीची कड्याकड्यांची चकती २०१४ पासून आपल्यासमोर आहे. तेव्हा पकड सुटायला हवी, पण पूर्ण नाही आणि फार लवकरही नाही. या मधल्या मापावर ग्रहांचं असणं टेकलेलं आहे.

म्हणून चकतीतलं क्षेत्र थेट मोजणं हे पुढचं मोठं काम. अल्माने टीडब्ल्यू हायड्री या सुमारे २०० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याच्या चकतीत सायनाइडच्या रेषेवर झेमानची खूण शोधली. ती मिळाली नाही, क्षेत्र अमुक इतक्यापेक्षा जास्त नाही एवढीच मर्यादा हाती आली.

एका चकतीतलं क्षेत्र मात्र आपल्याला ठाऊक आहे, आपल्या स्वतःच्या. १९४० साली राजस्थानात सेमरकोना इथे एक उल्का पडली होती. तिच्यातले वाटाण्याहूनही बारीक गोल दाणे सूर्याभोवतीच्या आरंभीच्या चकतीत वितळून थिजले होते, आणि थिजताना आजूबाजूच्या क्षेत्राचा ठसा घेऊन बसले होते. २०१४ मध्ये तो ठसा वाचला गेला. साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच्या त्या चकतीतलं क्षेत्र सुमारे अर्धा गॉस होतं, आज होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राइतकंच.